पोहता नाही आलं तरी चालतंय की!

मालवणला गाडीतून उतरलं की बाजारपेठेपासून जेटीपर्यंत स्कुबाचे बोर्डच बोर्ड, आणि जवळपास प्रत्येक बोर्डवर खाली तेच एक वाक्य, पोहता येत नसलं तरी चालेल. आमच्या साताऱ्यातून जाणाऱ्या ट्रॅव्हलरमधल्या निम्म्या लोकांना धीर येतो तो ह्याच वाक्याने. शुक्रवारी रात्री पोवई नाक्यावरून निघायचं, कोल्हापूर करत पहाटे घाट उतरायचा, शनिवारी किल्ला, डॉल्फिन, स्कुबा, दुपारी सुरमई थाळी, रविवारी सकाळी तारकर्लीचा बीच आणि मग परत, कारण सोमवारी ऑफिस. ह्यात स्कुबाला मिळतो तास-दीड तास, त्यातही पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं, आणि घरी पोचेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आलेला असतो ज्यात प्रत्येकजण अंगठा आणि तर्जनी जुळवून ओके करतोय आणि मागून कुणीतरी त्याचं सिलिंडर घट्ट धरून ठेवलंय.

ह्या प्रकाराला माझी ना नाहीये. समुद्राच्या पोटात डोकावायची ती एक राईड आहे, माझ्या सासूबाईंनी साठी ओलांडल्यावर ती केली आणि अजून हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीला निळ्या माशाची गोष्ट सांगतात. ज्याला पोहता येत नाही त्याने प्रशिक्षकाच्या हातात हात देऊन थोडं खाली जाऊन यावं ह्याला जगभरातल्या डायव्हिंगच्या संस्थांची परवानगी आहे, त्याचे नियमही ठरलेले आहेत. मोठ्या संस्थांच्या नियमात अशी ओळखीची डाईव्ह १२ मीटरच्या खाली नेता येत नाही, उघड्या समुद्रात एका प्रशिक्षकामागे चारपेक्षा जास्त माणसं घेता येत नाहीत, आणि उतरण्याआधी तब्येतीचा फॉर्म भरून घ्यावा लागतो, दमा, हृदय, कान, फिट्स, चालू असलेली औषधं वगैरे. म्हणजे बोर्डवरचं वाक्य खरंच आहे. फक्त ते राईडपुरतं खरं आहे आणि गंमत अशी होते की तीच सवय पुढे शिकण्यालाही लागते.

पण राईडमध्येसुद्धा एक गोष्ट अशी आहे की जी सांगितल्याशिवाय माणसाला पाण्यात उतरवूच नये असं माझं ठाम मत आहे, ती म्हणजे श्वास रोखायचा नाही. हे सगळेच सांगतात म्हणा. किनाऱ्यावर उभं करून घाईघाईत, तोंडाने श्वास घ्या, रोखू नका, कान दुखले की असं करा, वर जायचं असलं की अंगठा वर, चला. का रोखायचा नाही ते कुणी सांगत नाही, आणि का ते कळल्याशिवाय घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात ते राहात नाही, कारण पाणी म्हटलं की श्वास रोखायचा हे आपल्या अंगातच आहे.

कारण अगदी साधं आहे. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणारं यंत्र, तुम्हाला जिथे असाल तिथल्या दाबाने हवा देतो, म्हणून १० मीटरवर छाती भरून श्वास घेतला तर त्यात वरच्यापेक्षा दुप्पट हवा असते. ती तशीच छातीत कोंडून वर आलात तर ती दुप्पट जागा मागणार. फुफ्फुसात तेवढी जागा नाही. आणि सगळ्यात दगाबाज पट्टा खोल समुद्राचा नसून हाच वरच्या दहा मीटरचा आहे, कारण दाब निम्म्यावर येतो तो इथेच. पूर्ण भरलेली छाती रोखून धरली तर जेमतेम मीटर-सव्वा मीटर वर येणंसुद्धा फुफ्फुसाला इजा करायला पुरेसं ठरू शकतं. आता विचार करा, सहा-सात मीटरवर एखाद्या बाईच्या मास्कमध्ये पाणी शिरलं, ती घाबरली, श्वास कोंडला आणि पाय झाडत सरळ वर निघाली. मागे सिलिंडर धरणारा पोरगा कसलेला असेल तर तो तिला तिथेच थोपवतो, डोळ्यात बघून श्वास सोडायला लावतो, आणि नवखा असेल तर तोही तिच्याबरोबर वर येतो. बहुतेक वेळा काही होत नाही. बहुतेक वेळा काही होत नाही म्हणूनच तर हे असं चाललंय.

मालवणातली सगळी पोरं अशी अर्धवट आहेत असं कुणी समजू नये. तिथली कितीतरी पोरं मच्छीमारांच्या घरातली, पाणी त्यांच्या रक्तात आहे, आणि तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा शिकवणारी संस्था आहे, तिथे सरावासाठी मुद्दाम खोल बांधलेला टँक आहे. मी पाहिलेल्या एका बोटीवर असा एकजण होता की त्याने आमच्यातल्या एका काकांना तीनदा कमरेइतक्या पाण्यात उभं करून नुसता श्वास घ्यायला लावला, तिसऱ्यांदाही त्यांचे खांदे आखडलेले दिसल्यावर म्हणाला, काकानू, आज राहूद्या, पैसे परत घेवा. मागच्या लायनीत कुरबुर चालू झाली तरी ढिम्म हलला नाही. आणि त्याच दिवशी शेजारच्या बोटीवर माणसं रांगेने पाण्यात जात होती आणि प्रत्येकाच्या वेळी वरून एकच आरोळी, कॅमेरा! कॅमेरा बघा! दोन्ही बोटींचा रेट तोच असावा.

हे झालं राईडचं. मला जे बोलायचंय ते त्याच्या पुढच्या पायरीबद्दल, म्हणजे ज्याला कोर्स म्हणतात आणि ज्याच्या शेवटी कार्ड मिळतं त्याबद्दल.

ह्या वर्षी माझा भाचा असं कार्ड घेऊन आला. इंजिनिअर आहे, पुण्यात असतो, कंपनीतल्या मित्रांबरोबर सुट्टीत गेला आणि ओपन वॉटर डायव्हर होऊन आला. कुठून ते लिहीत नाही, त्याची गरज नाही. मी स्वतः हा कोर्स काही वर्षांपूर्वी अंदमानात केलेला असल्याने घरात आम्ही दोघंच त्या भाषेत बोलू शकणारे, त्यामुळे मी हौसेने विचारायला बसले.

किती वजन बांधलं होतंस रे कमरेला?

"माहीत नाय मावशी, सरांनी बांधलं."

सिलिंडरला रेग्युलेटर, ते हवा भरून तरंगायचं जाकीट कोण जोडायचं?

"बोटीवरची पोरं करायची. आपण बसायचं नुसतं, ती मागून चढवायची. एकदम राजेशाही."

आणि हवा किती राहिली ते?

"सर विचारायचे ना मधे मधे, मग बघायचो."

पोरगा हुशार आहे, आळशी तर अजिबात नाही. त्याच्या कार्डावर लिहिलंय की तो आता एका जोडीदाराबरोबर, प्रशिक्षक नसताना, १८ मीटरपर्यंत जाऊ शकतो. कार्डाचा अर्थच तो आहे. आणि त्याला स्वतःच्या कमरेला किती शिसं होतं ते माहीत नाही.

शिशाचं एवढं काय असं वाटेल, म्हणून थोडं सविस्तर सांगते, कारण माझ्या मते नवशिक्याला कसं शिकवलंय ह्याची सगळ्यात सोपी परीक्षा ह्या वजनात आहे. माणूस, वेटसूट, सगळं मिळून पाण्यावर तरंगतं, म्हणून खाली जायला वजन लागतं. किती लागतं ते प्रत्येकाचं वेगळं. ते बघायची साधी रीत आहे, पूर्ण सामान घालून, पाय न टेकवता पाण्यात उभं राहायचं, जाकिटातली हवा काढायची, साधा श्वास घेऊन धरला की पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला पाहिजे आणि श्वास सोडला की हळूहळू बुडायला पाहिजे. पाच मिनिटांचं काम. त्यातही एक खुबी आहे, १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारने भरलेली हवा म्हणजे साधारण २४०० लिटर हवा, आणि तिचं वजन भरतं जवळजवळ पावणेतीन-तीन किलो. हवेला वजन असतं हे शाळेत घोकलेलं असतं, पण डाईव्हच्या शेवटी सिलिंडर तेवढं हलकं होऊन तुम्हाला वर ओढायला लागतं तेव्हा ते खरं कळतं, आणि त्याचा हिशोब सुरुवातीलाच धरावा लागतो. आता घाईच्या कोर्समध्ये काय करतात, ही पाच मिनिटं वाचवायला सरसकट दोन-तीन किलो जास्त बांधतात. जास्त वजन असलं की विद्यार्थी निमूट तळाला बसतो. तळाला गुडघे टेकून सहा जण ओळीत बसले की प्रशिक्षकाला सोपं जातं, एकेकाचा मास्क, एकेकाचा रेग्युलेटर, टिक, टिक, टिक.

गुडघ्यावर बसून मास्कमधलं पाणी काढणं आणि पाण्यात अधांतरी तरंगत असताना काढणं ह्या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. खऱ्या डाईव्हला तुम्ही गुडघ्यावर बसलेले नसता. खाली एकतर प्रवाळ असतं, ज्याच्यावर टेकायचं नसतं, नाहीतर खाली काहीच नसतं. तिथे मास्कमध्ये पाणी गेलं, हात मास्ककडे गेले, लक्ष श्वासावरून उडालं की जास्त वजनवाला खाली जायला लागतो, मग घाबरून जाकिटात हवा भरतो, ती हवा वर येताना फुगत जाते, मग तो वर सुटतो. एवढं सगळं घडतं ते बेल्टमधल्या त्या फालतू दोन किलोंपायी. आता बऱ्याच संस्थांनी अधांतरी स्थिर राहण्यावर भर द्यायला सुरुवात केलीय, पॅडी ह्या डायव्हिंग शिकवणाऱ्या मोठ्या संस्थेने २०१३ मध्ये सुरुवातीच्या कोर्सची सुधारित आवृत्ती काढली त्यातही तरंगण्यावर आणि हवेवर लक्ष ठेवण्यावर जोर वाढवला, आणि चांगले प्रशिक्षक तर पहिल्या दिवसापासून गुडघे टेकूच देत नाहीत. पण नियम गुडघ्याला सरसकट बंदी घालत नाही, आणि जे सोपं असतं ते चालू राहतं.

इथे मला आमचे आप्पा आठवल्याशिवाय राहात नाहीत. आप्पा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, लिंबच्या बाजूला आमचं गाव. लिंबची बारामोटेची विहीर बघायला आता लांबून लांबून लोक येतात, आम्ही पोहायला शिकलो ती मात्र आमच्याच मळ्यातली साधी दगडी विहीर. मे महिन्यात भावकीतली सगळी पोरं, आणि आप्पांचा हट्ट म्हणून पोरीसुद्धा, तिथे. पाठीला डबा बांधायचा, कमरेला कासरा, कासऱ्याचं दुसरं टोक धावेवर बसलेल्या आप्पांच्या हातात. हळूहळू डबा लहान होत जायचा. मग नुसता कासरा. मग कधीतरी आपल्याला न सांगता कासरा सैल. पण ह्यानंतर आप्पा जे करायचे त्याचं महत्त्व मला अंदमानात जाऊन कळलं. पोराला विहिरीच्या मधोमध उभं पोहायला लावायचे आणि वरून गप्पा मारायचे. आज काय खाल्लं, मामाच्या गावाला कवा जायचं, सातचा पाढा म्हण बघू. पोरगं पाढा म्हणताना अडखळलं, धाप लागली, आवाज चिरकला की म्हणायचे, उद्या परत ये डबा घेऊन. एक चक्कर मारून दाखवली म्हणून त्यांनी कधी कुणाला पास केलं नाही. त्यांना बघायचं असायचं की पाण्यात असताना ह्या पोराचं डोकं मोकळं आहे का.

आप्पांना डोक्यावर घ्यायचा माझा विचार नाही. त्यांनीच माझ्या एका चुलतभावाला न सांगता वरून ढकललं होतं आणि तो आज पन्नाशीतही गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाही. त्यांच्याकडे नियम नव्हते, फॉर्म नव्हता, कुणाला फिट येते का हे विचारायची पद्धत नव्हती. स्कुबाच्या संस्थांनी ते सगळं कागदावर आणलं हे फार मोठं काम आहे. ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब १९५३ चा, अमेरिकेत नाउई १९६० ची, पॅडी १९६६ ची, आणि त्याआधी, कुस्तो आणि गान्यां ह्या दोघा फ्रेंचांनी १९४३ मध्ये तो मागेल तेव्हाच हवा देणारा रेग्युलेटर तयार केला त्यानंतरची काही वर्षं, लोक एकमेकांचं बघून शिकत होते. सुरुवातीचं शिक्षण बरंचसं लष्करी थाटाचं आणि लांबलचक असायचं. मग सुट्टीत बसेल असा कोर्स आला. आज त्याचं स्वरूप साधारण असं, थोडी थिअरी, उथळ पाण्यात किंवा टँकमध्ये सरावाचे पाच भाग, आणि समुद्रात चार डाईव्ह, त्याही कमीत कमी दोन दिवसांत विभागून. दोनशे मीटर न थांबता पोहून दाखवायचं, दहा मिनिटं आधाराशिवाय तरंगून दाखवायचं. हो, कोर्सला पोहता यावं लागतं बरं का. बोर्डवरचं वाक्य इथे संपतं.

आणि ह्या नियमांमध्येच एक अट आहे जी मला आप्पांच्या पाढ्याची आठवण करून देते. प्रत्येक कौशल्य विद्यार्थ्याने सहजपणे, ओघात, आणि पुन्हा पुन्हा करता येईल असं करून दाखवलं पाहिजे, तरच ते झालं असं धरायचं. एकदा कसंबसं जमलं, डोळे पांढरे झाले पण मास्कमधलं पाणी निघालं, हे झालं असं धरायचं नाहीच मुळी. कागदावर इतकं स्वच्छ लिहिलंय. मग भाच्याच्या कोर्समध्ये काय झालं? तो म्हणाला, मास्क पूर्ण काढून परत घालायचं होतं, ते एकदा केलं, नाकात पाणी गेलं, खोकलो, सर म्हणाले गुड, पुढचा.

मास्कवरून मला माझे दिवस आठवतात. मला ते जमायचंच नाही. नाकाला पाणी लागलं की नाकानेच श्वास घ्यायची इच्छा होते, तोंडात रेग्युलेटर आहे, हवा भरपूर आहे, हे डोक्याला कळतं आणि नाकाला कळत नाही. माझी इन्स्ट्रक्टर एक बारकीशी तमिळ मुलगी होती, माझ्यापेक्षा बरीच लहान, तिने मला गळ्याएवढ्या पाण्यात मास्कशिवाय नुसतं तोंड बुडवून रेग्युलेटरने श्वास घेत राहायला सांगितलं. बास, एवढंच. काही करायचं नाही, श्वास घ्यायचा. मग मास्क अर्धा भरून, वर बघत, वरची कड दाबून नाकातून लांब हळू श्वास सोडायचा. मग पूर्ण भरून. मग तरंगत. मग पोहता पोहता. बाकीचा ग्रुप पुढे गेला आणि तिने मला मागे ठेवलं, वर स्वच्छ सांगितलं की जास्तीचा दिवस लागेल आणि तरीही नाही जमलं तर कार्ड मिळणार नाही, कमी खोलीपर्यंत प्रशिक्षकासोबत जाण्याचं खालच्या पायरीचं सर्टिफिकेट मिळेल. मला तेव्हा रागच आला होता, एवढे पैसे भरून. नंतर एका डाईव्हला कुणाच्या तरी फिनचा फटका बसून माझा मास्क सरकला आणि पाणी भरलं, मी ते काढलं आणि पुढे निघाले, बोटीवर आल्यावर सांगायचंही लक्षात नव्हतं. शिकवणं नीट झालं असलं की अशा प्रसंगाची गोष्टसुद्धा होत नाही, त्यामुळे अशा मास्तरांची जाहिरात कधी होत नाही आणि व्हिडिओ बनवणाऱ्यांची होते.

हवेबद्दलही तेच. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ह्या डायव्हरांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी डायव्हिंगमधल्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास करून २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला, त्यात जिथे जिथे गोष्ट बिघडायला सुरुवात कशाने झाली हे समजू शकलं तिथे सगळ्यात मोठं कारण होतं हवा कमी पडणं, ४१ टक्के. शार्क नाही, वादळ नाही, उपकरण फुटलं असंही नाही. किती हवा उरली ते दाखवणारा गेज छातीवर लटकत होता. ही सवय लावायची तर पहिल्या डाईव्हपासून लावावी लागते, आणि विद्यार्थ्याने विचारायच्या आधी आकडा सांगितला पाहिजे, सरांनी विचारल्यावर बघितला तर ते लक्ष सरांचं झालं. भाच्याला हे मी म्हटलं तर तो म्हणतो, पण मावशी सर होते ना. अरे सर होते, पण कार्डवर सर नाहीत.

आता ह्यात सगळा दोष शिकवणाऱ्यांचा का? मला नाही वाटत. शिकवणाऱ्याचं गणित बघा. पुष्कळ ठिकाणी पैसे डोक्यामागे, म्हणजे जास्त डोकी, कमी दिवस. सीझन मोजका, आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात तर सगळंच बंद. पॅडीच्या पद्धतीत इन्स्ट्रक्टर व्हायला १०० डाईव्ह आणि डायव्हर होऊन सहा महिने एवढी किमान अट. म्हणजे दिवाळीत पहिल्यांदा पाण्यात उतरलेला पोरगा अक्षय्य तृतीयेला दुसऱ्यांना शिकवायला मोकळा होऊ शकतो, नियमात बसून. त्यातले काही जात्याच चांगले असतात, पण शंभर डाईव्हमध्ये घाबरलेली माणसं किती बघितली असतील? आणि गिऱ्हाईक कोण, तर आपण. आपल्याला चार दिवसांच्या सुट्टीत कोर्स, दोन बीच, शॉपिंग आणि फोटो सगळं बसवायचंय. तीन सेंटरना फोन करून आपण विचारतो काय, किती दिवस आणि किती रुपये. जो म्हणतो पाच दिवस लागतील आणि नापासही होऊ शकता, त्याचा फोन आपण ठेवून देतो. आमच्याकडे हिल मॅरेथॉनची यवतेश्वरची चढण मारायला लोक सहा-सहा महिने पहाटे उठून पळतात, बूट, डाएट, कोच, आणि एक किलोमीटर चुकला तर हळहळतात. तीच माणसं समुद्राखाली १८ मीटर जायचं शिक्षण स्वस्तात आणि पटकन मागतात. किमान अट ही खालची पट्टी असते, पण बाजारात तीच वरची होऊन बसते.

एक गोष्ट खास घाटावरच्या लोकांसाठी, जी मला आजवर किनाऱ्यावर कुणी आपणहून सांगितलेली नाही. डाईव्ह झाल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं हे बऱ्याच जणांना माहीत असतं, साध्या एका डाईव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त केल्या असतील किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान १८ तास थांबावं असा सल्ला आहे. कारण दाबाखाली अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि उंचीवर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे व्हायचा धोका वाढतो. हा सल्ला ज्या उंचीपासून लागू धरतात ती आहे सुमारे ६०० मीटर. आता सातारा समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या वर आहे आणि महाबळेश्वर १३५० च्या आसपास. म्हणजे आपण विमानात न बसताही, ट्रॅव्हलरमध्ये पेंगत पेंगत, घरी यायलाच त्या उंचीवर चढतो! मालवणच्या पंधरा-वीस मिनिटांच्या उथळ राईडनंतर ह्याचा धोका अगदी थोडा आहे, उगाच कुणी घाबरू नये. पण ज्याने दोन दिवस १५-१८ मीटरच्या चार-पाच डाईव्ह केल्यात आणि बोटीवरून उतरून थेट गाडीत बसून रात्रीतच घाट चढायचा प्लॅन आहे, त्याला थांब म्हणणारं कुणीतरी पाहिजे. चांगला मास्तर विचारतो, कुठून आलात, परत कधी आणि कसे जाणार. माझ्या त्या बारक्या तमिळ मुलीने सातारा कुठे येतं ते मोबाईलवर काढून त्याची उंची बघितली होती.

भाच्याचं पुढे काय, तर पुढच्या सुट्टीत त्याला ३० मीटरपर्यंत नेणाऱ्या पुढच्या पायरीच्या कोर्सला जायचं होतं, बुकिंगसुद्धा करणार होता. मी म्हटलं जा की, पण आधी फोन करून हे विचार, एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, तोच माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत असणार का, वजन मला स्वतःला ठरवू देणार का, सामान मी जोडलं तर चालेल का, बोटीवर ऑक्सिजन किट असतो का आणि काही झालं तर सगळ्यात जवळचं रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे त्या बुडबुड्यांवर परत दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली, कुठे आहे, आणि मला नाही जमलं तर काय कराल. ह्या शेवटच्या प्रश्नाला जो हसतो आणि म्हणतो, सर आमच्याकडे सगळ्यांना जमतं, त्याच्याकडे जाऊ नकोस. आणि सिलिंडरमध्ये काय असतं हेही विचार गमतीने, ऑक्सिजन म्हणाला तर फोन ठेव, कारण आत साधी गाळून दाबून भरलेली हवा असते, शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो.

दोघांनी सगळ्यांना जमतं म्हटलं. एकाने वजनाच्या प्रश्नावर विचारलं, तुम्ही इन्स्ट्रक्टर आहात का सर? चौथ्या ठिकाणी एक बाई होती, तिने उलट ह्यालाच प्रश्न विचारायला घेतले, शेवटची डाईव्ह कधी, किती वजन लागतं, गुडघे न टेकता मास्क काढता येतो का, आणि ह्याची उत्तरं ऐकून म्हणाली, पुढचा कोर्स नंतर बघू, आधी एक दिवस पूलमध्ये माझ्याबरोबर घालवा, त्याचे वेगळे पैसे पडतील. भाचा वैतागला, कार्ड असून परत पूलमध्ये बसवते म्हणाला. मी म्हटलं भर पैसे. मग दोन दिवस तो आणि ती फोनवर घासाघीस करत होते आणि शेवटी पूलचा दिवस अर्ध्या पैशात ठरला, बदल्यात सगळं सामान रोज ह्याने स्वतः धुवायचं.